स्काऊटची फी, मास्तरची वही अन् आपलं भलतंच भांडण

विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात, पण स्काऊट-गाईडच्या वार्षिक नोंदणीचं पत्र काही त्यासाठी थांबत नाही, अन् ते आलं की भांडण सुरू होतं. केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत, तालुक्याच्या चहा टपरीवर, शाळेच्या व्हरांड्यात, सगळीकडं तेच. एका बाजूचे लोक म्हणतात, शेतमजुराच्या पोरांकडून कशाची फी घेता बाप्पा, बंद करा हे सगळं, शाळेला आधीच कामं कमी आहेत का. दुसऱ्या बाजूचे म्हणतात ही सेवा आहे, सेवेत तक्रार नसते, वरून जेवढं मागितलं तेवढं भरा, जी माहिती मागितली ती पाठवा अन् गप कवायत घ्या. मधात फसतो तो पथक चालवणारा शिक्षक, म्हणजे स्काऊट मास्तर नाहीतर गाईड कॅप्टन. माणूस मानसेवी, या कामाचा वेगळा रुपया त्याला भेटत नाही, पण खिशात पोरांचे सुटे पैसे त्याच्याच, यादी चुकली तर फोन त्यालाच, अन् पालक रागावला तरी तो त्याच्यावरच.

माझं मत सरळ सांगतो. फी घ्यायची, नोंदी ठेवायच्या, नियमही पाळायचे. पण फी ऐपत अन् हंगाम पाहून घ्यायची, हिशोब आधी गावाला दाखवायचा मग ऑफिसला, अन् जी नोंद पोराच्या कामाची नाही ती मास्तरच्या डोक्यावर टाकायची नाही. आपण भांडतो ते पैसे घ्यायचे का नाही अन् वह्या लिहायच्या का नाही यावर. हे पैसे अन् या वह्या कोणाला उत्तर देण्यासाठी आहेत, हे मात्र कोणीच विचारत नाही, अन् ते विचारलं की दोन्ही बाजूंचे अर्धे मुद्दे आपोआप गळून पडतात.

फीविरुद्धचा सगळ्यात तगडा मुद्दा आधी मान्य करून टाकू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहा ते चौदा वर्षांच्या लेकराकडून असा कोणताही पैसा घ्यायचा नाही ज्यामुळं त्याचं शिक्षण अडेल. स्काऊटिंग त्यात येतं का नाही यावर वकील लोक भांडत बसतील, पण गावच्या शाळेत वर्गातली बाकी पोरं स्कार्फ घालून रांगेत उभी आहेत अन् दोघं-तिघं भिंतीला टेकून बसलीत, तर त्या दोघा-तिघांना फी ऐच्छिक होती हे कोण समजावणार? नोंदणीची रक्कम तशी फार नसते हेही खरं. खरा खर्च पुढंच आहे, गणवेश, वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी), बॅज, मेळाव्याला जायचं भाडं, शिबिराचं जेवण. ज्या घरी जुलैत डवरणीच्या मजुरीची सोय लागत नाही त्या घरी हा खर्च लहान नसतो. म्हणून "एवढ्याशा फीचं काय एवढं" असं पगारदार माणसानं म्हणू नये, त्याला ते शोभत नाही.

पण याच्यावर इलाज म्हणून फीच बंद करा म्हणणाऱ्यांनी जगातलं पहिलं स्काऊट शिबिर कसं झालं ते पाहावं. १९०७ चा ऑगस्ट महिना, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं ब्राउनसी बेट, या चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल अन् वीसेक पोरं. काही पोरं मोठ्या घरची, महागड्या शाळांतली, अन् काही जवळपासच्या गावांतल्या कामकरी लोकांची. फी दोघांनाही होती. मोठ्या घरच्या पोराला एक पौंड, कामकऱ्याच्या पोराला साडेतीन शिलिंग. तेव्हा वीस शिलिंगचा पौंड, म्हणजे गरिबाला पाचव्या हिश्श्याहूनही कमी पडलं. तंबू तेच, जेवण तेच, पोरांचे छोटे गट म्हणजे संघसुद्धा मुद्दाम मिसळून पाडलेले. एवढं करूनही शिबिराला चोवीस पौंडांवर तूट आली अन् ती एका सधन पालकानं भरून दिली. आता शंभरावर वर्षं उलटल्यावर आपल्याला हा तपशील माहीत काहून आहे? कारण तेव्हा कोणीतरी शिलिंग-पेन्सचा हिशोब लिहून ठेवला म्हणून. म्हणजे या चळवळीचं पहिलं शिबिरच ऐपतीप्रमाणे फी, तुटीची उघड कबुली अन् लिहिलेला हिशोब या तीन गोष्टींवर उभं राहिलं. मग आज आपण डॉक्टरच्या पोराला अन् सालगड्याच्या पोराला एकच आकडा का लावतो? सगळ्यांना सारखी फी म्हणजे समानता, असं काही लोक म्हणतात. दोन एकर कोरडवाहूवाल्याला अन् वीस एकर संत्र्याच्या बगिच्यावाल्याला सारखीच वर्गणी लावली तर गावातल्या भंडाऱ्यातसुद्धा लोक ऐकून घेत नाहीत, मग शाळेत कशी चालते?

यावर एक चांगला आक्षेप येतो की वेगळी फी लावली तर गरिबाच्या कपाळावर शिक्का बसतो. बरोबर आहे, पण शिक्का फीनं बसत नाही, यादीनं बसतो. कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या भिंतीवर थकबाकीदारांची नावं लागली की त्या माणसाचं घराबाहेर निघणं बंद होते, हे आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही. म्हणून कोणी किती दिले हे मास्तर अन् मुख्याध्यापक यांच्यापुरतंच राहावं, पण जमलेले एकूण पैसे कुठं गेले हे मात्र फळ्यावर यावं. आपल्याकडं नेमकं उलटं चालते. फी न भरणाऱ्याचं नाव वर्गात वाचून दाखवतात अन् खर्चाचा कागद कपाटात कुलूपबंद.

अन् हंगामाचं तर कोणी बोलतच नाही. नोंदणीचं वेळापत्रक ज्यांनी केलं त्यांचा पगार एक तारखेला होतो, त्यामुळं त्यांना जुलै काय अन् नोव्हेंबर काय सारखेच. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये घरातला सगळा पैसा बियाणं, खत, फवारणीत गेलेला असतो, पोळ्याला बैलाच्या साजासाठीही उधारी होते. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघते, मग सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन कापसाची पहिली वेचणी घरात येते, तेव्हा कुठं हातात नोटा दिसतात. तोच बाप जो ऑगस्टमध्ये फीसाठी दहा चकरा मारायला लावतो, तो नोव्हेंबरमध्ये पोराला शिबिराचे पैसे न मागता देतो. फी दोन हप्त्यात घ्या, नोंदणीपुरती आधी अन् शिबिराची दिवाळीनंतर, एवढी साधी गोष्ट. पण वरून आदेश येतो अमुक तारखेपर्यंत शंभर टक्के, अन् मग मास्तर स्वतःच्या खिशातून भरतो अन् वर्षभर वसूल करत फिरतो. याला सेवा म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. मास्तरच्या पगारावर चालणारं पथक हे त्या मास्तरच्या बदलीबरोबर मरते.

मग फी घ्यायचीच कशाला, सरकारनं द्यावे पैसे, असंही म्हणता येते अन् सरकारनं द्यावेतच, त्याला माझा विरोध नाही. पण फुकटच्या गोष्टीत एक घोळ असतो, तिचा जाब कोणी विचारत नाही. गांधीजी सेवाग्रामला आले १९३६ साली, पण त्यांची सार्वजनिक पैशाची शाळा त्याच्या खूप आधी दक्षिण आफ्रिकेत झाली. (गंमत म्हणजे बोअर युद्धात बेडन-पॉवेल वेढ्यात सापडलेलं मॅफेकिंग गाव लढवत होते अन् त्याच युद्धात गांधीजींचं भारतीय पथक जखमींचे स्ट्रेचर वाहत होतं.) १८९४ साली तिथल्या नाताळ वसाहतीत हिंदी लोकांची नाताळ इंडियन काँग्रेस काढली तेव्हा आधी महिन्याची वर्गणी ठेवली. झालं काय, लोक तयार असत पण दर महिन्याला वसुलीला फिरणं काही जमेना. मग वर्गणी वर्षाची केली, निदान तीन पौंड, अन् कार्यकर्ते लोकांच्या दारात जाऊन बसले. एका ठिकाणी यजमान सहा पौंड द्यायला तयार होईना तर ही मंडळी रात्रभर उपाशी बसून राहिली अन् सकाळी त्यानं दिले. हट्टीपणा आहे, मी कोणाला असं करायला सांगणार नाही. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की पावतीशिवाय पैसा घेतला नाही अन् पै-पैचा हिशोब नीट ठेवल्याशिवाय सार्वजनिक कामात सत्य टिकत नाही. लक्षात घ्या, वसुलीची पद्धत लोकांच्या सोयीनं बदलली, हिशोबाची पद्धत मात्र ढिली केली नाही. आपण उलटं करतो, वसुलीला कडक अन् हिशोबाला ढिले.

या सगळ्यात स्काऊटिंगकडं स्वतःचंच एक औषध आहे, ते म्हणजे खरी कमाई. पोरानं कोणाचं तरी काम करायचं अन् त्याचे प्रामाणिक पैसे आणायचे, एवढी सुंदर कल्पना. अन् तिचं आपण काय केलं? बऱ्याच ठिकाणी प्रत्येक पोरानं एवढे रुपये आणा म्हणून सांगतात, पोरगं आईकडून आणते अन् ती झाली खरी कमाई. कमाई आईची अन् शिक्का पोराचा. काही शाळा मात्र चांगलं करतात, आनंद मेळावा भरवतात, पोरं तर्री-पोहे, आलूबोंडा, चिवडा, बोरं विकतात, अन् त्या दिवशी चौथीतलं पोट्टंसुद्धा नफा म्हणजे काय ते शिकून घरी जाते. पण तिथंही संध्याकाळी पैसे मोजतो कोण? मास्तर. वहीत लिहितो कोण? मास्तर. काहून? स्काऊटच्या नऊ नियमांत एक नियम काटकसरीचा आहे, तो फक्त पाठ म्हणून घ्यायला ठेवलाय का? संघनायकांची, म्हणजे प्रत्येक संघाच्या म्होरक्या पोरांची बैठक असते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, तिच्याकडं पथकाच्या पैशाची वही द्यायची मूळ पद्धतच आहे. आठवीच्या पोरीनं तेल, बेसन, गॅसचा खर्च लिहून बाकी काढली तर ती मास्तरपेक्षा कमी नीट काढेल असं मला वाटत नाही, उलट तिच्यावर चौदा जणींची नजर असते.

अन् हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेनं २०१९ च्या शेवटाला जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून पोराची वार्षिक फी ३३ डॉलरवरून ६० डॉलर होणार. ठरवलं वरच्या ऑफिसनं, पण पालकांसमोर उभा राहिला गावातला स्वयंसेवक, ज्याचा त्या निर्णयाशी काही संबंध नव्हता. फी कोण ठरवतो अन् शिव्या कोण खातो यातलं हे अंतर जिथं वाढते तिथं चांगली माणसं हे काम सोडतात. आपल्याकडं फरक एवढाच की आपला मास्तर काम सोडू शकत नाही, त्याला मुख्याध्यापकांनी बसवलेलं असते.

आता वह्यांकडं येऊ, कारण खरी चिडचिड तिथं आहे. शिक्षक म्हणतात आमच्याकडं मतदार यादी आहे, सर्वेक्षणं आहेत, पोषण आहाराची नोंद आहे, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती आहे, त्यात हे ऑनलाइन नोंदणीचं आणखी एक. त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती अन् निवडणूक सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावू नये असं लिहिलंय, अन् ते कलम किती पाळलं जाते हे कोणत्याही दोनशिक्षकी शाळेत जाऊन पाहा. एकच माहिती तीन वेगळ्या रकान्यांत तीनदा मागणारा माणूस सेवेच्या नावाखाली दुसऱ्याचा वेळ खातो, माझी ही गोष्ट कोणाला लागली तर लागू द्या.

पण "सगळ्या नोंदी म्हणजे कारकुनी" हे म्हणणं मला मान्य नाही. एक उदाहरण घ्या. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार, या प्रत्येक पायरीमध्ये ठरावीक महिने जावे लागतात, म्हणजे प्रवेशाची तारीखच नसेल तर वरची प्रत्येक तारीख लंगडी. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते. तिथं राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालयन वुड बॅज (स्काऊट नेत्यांच्या प्रगत प्रशिक्षणाचं मानचिन्ह) लागते, राष्ट्रीय पातळीवरचे दोन कार्यक्रम लागतात अन् निदान मागची पाच वर्षं सक्रिय सदस्य असल्याचा दाखला लागतो. वर्धा, बडनेरा, अकोला, गोंदिया या पट्ट्यात रेल्वेची नोकरी म्हणजे काय ते मी सांगायला नको. आता जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर बदलून गेला, नवा आला त्याला पथकाची फाईल कुठं आहे तेच माहीत नाही, अन् मधलं एक वर्ष नोंदणीच राहून गेली. पोरगं सात वर्षांनी दाखला मागायला येते तेव्हा त्याला कोण काय उत्तर देणार? त्या पोरासाठी ती वही कारकुनी नव्हती, ती त्याची कमाई होती.

दुसरं उदाहरण साध्या हजेरीचं. शनिवारच्या कवायतीची हजेरी नीट पाहिली तर दिवाळीनंतर कोणती पोरं गायब होतात ते दिसते. वेचणीला जातात, किंवा आईबाप कामासाठी बाहेर गेले की सोबत जातात. वर्गाच्या हजेरीत बरेचदा ती पोरं हजरच असतात, कारण तिथं पट टिकवायचा असतो. कवायतीच्या वहीवर कोणाचं अनुदान अवलंबून नाही, म्हणून ती जास्त खरी निघते.

आता जरा कडू बोलतो. अमेरिकेतल्या त्या स्काऊट संघटनेकडं पोरांशी वाईट वागलेल्या नेत्यांच्या फायली होत्या, दशकानुदशकं. म्हणजे नोंद होती. पण ती पालकांपासून लपवलेली, ऑफिसच्या कुलपात. २०१२ साली कोर्टाच्या आदेशानं त्यातल्या हजारो पानांना उजेड दिसला, २०२० मध्ये संघटनेनं दिवाळखोरी जाहीर केली, ८२ हजारांवर लोकांनी दावे केले अन् भरपाईची योजना सुमारे २४६ कोटी डॉलरची झाली. दुसरीकडं आपल्याच देशात ऑगस्ट २०२४ मध्ये तामिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात एका खाजगी शाळेत एनसीसीच्या नावानं शिबिर भरलं, ते भरवणाऱ्यांचा एनसीसीशी काही संबंधच नव्हता, अन् तिथं मुलींवर अत्याचार झाले. स्काऊटचं नव्हतं ते शिबिर, पण एक कागद मागितला असता, तुमचं अधिकारपत्र कुठं आहे एवढं एकानं विचारलं असतं तर? एका ठिकाणी कागद होता पण तो संस्थेची इभ्रत राखायला ठेवलेला, दुसऱ्या ठिकाणी कागदच विचारला नाही. म्हणून मी नोंदींची वाटणी अशी करतो की ही नोंद पोराला सांभाळते का साहेबाला खूश करते. शिबिरात कोणतं पोरगं कोणासोबत गेलं, रात्री कोण कुठं झोपलं, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, पालकांची सही, जवळच्या दवाखान्याचा नंबर, सोबतच्या मोठ्या माणसांची नावं अन् प्रशिक्षण, या नोंदीत एक ओळसुद्धा कमी चालणार नाही. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं तर अशी घटना कळल्यावर न कळवणं हाच गुन्हा केलाय, तिथं "गावातली गोष्ट गावात मिटवू" चालत नाही. अन् फोटोसह अहवाल, त्याच अहवालाची पीपीटी, त्याच पीपीटीचा व्हिडिओ, वृक्षारोपणाचा सेल्फी, हे सगळं उद्या बंद झालं तर एकाही पोराचं काही बिघडत नाही.

एक जाता जाता. पोरांचे आधार कार्ड, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची जी सवय लागलीय ती थांबवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या लेकराच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी होईल अशी संमती मागितलीय. कायदा बाजूला ठेवा, तुमच्या पोरीचा फोटो अन् नंबर दोनशे माणसांच्या ग्रुपवर फिरलेला तुम्हाला चालेल का?

नियमांचं मात्र भांडण जास्त अवघड आहे अन् इथं मला विरोधकांचं पुष्कळ पटते. मुलींच्या शिबिरासोबत बाई नेता हवी, एकट्या मोठ्या माणसानं पोरांना घेऊन जायचं नाही, प्रशिक्षण हवं, हे नियम बरोबर आहेत, जागतिक स्काऊट संघटनेच्या सेफ फ्रॉम हार्म, म्हणजे पोरांना इजेपासून जपायच्या धोरणाचाही रोख तोच आहे. पण ज्या शाळेत दोनच शिक्षक अन् दोन्ही पुरुष, तिथं काय होते? मुली शिबिराला जातच नाहीत. मुलींच्या सुरक्षेचा नियम, अन् त्याचा परिणाम मुली घरी. नियम करणाऱ्याच्या लक्षात हे येत नाही कारण त्याच्या कागदावर नियमभंग शून्य दिसतो. इतिहासात हे आधीही झालंय. १९०९ च्या सुमारास हिंदुस्थानात स्काऊटिंग आलं ते गोऱ्या अन् अँग्लो-इंडियन पोरांसाठी, आपल्या पोरांना प्रवेश नव्हता, अन् तेही नियमानंच. तेव्हा ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली, पुढं मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू अन् श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीचे स्काऊट उभे केले, अन् या सगळ्या धारा जोडत शेवटी ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स झालं. त्या लोकांनी नियम नको म्हटलं नाही. आपल्या पोरांना बाहेर ठेवणारा नियम नाकारला अन् स्वतःचे नियम लिहिले.

मग दोन पुरुष शिक्षकांच्या शाळेनं काय करायचं? गावात बायका नाहीत का? अंगणवाडी ताई आहे, आशाताई आहे, अन् बचत गटाच्या बायका तर गावोगावी आहेत. इथं कोणीतरी म्हणेल की त्यांना हे वह्या-नियमांचं काय जमते. अहो, त्यांची पंचसूत्रीच आहे, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड अन् नियमित लेखे. चौथी-पाचवी शिकलेल्या बायका दर आठवड्याला गोल बसून पैसे मोजतात, ठराव लिहितात, पासबुक सगळ्यांना दाखवतात. शाळेच्या कपाटात बंद असलेल्या वहीपेक्षा त्यांची वही मला जास्त भरवशाची वाटते. यातल्या दोघीतिघींना गाईड कॅप्टनचा बेसिक कोर्स करायला लावा, जाण्यायेण्याचा अन् बुडालेल्या मजुरीचा खर्च द्या, अन् मग पाहा किती पोरी शिबिराला जातात. स्काऊटिंग शाळेच्या शिक्षकाशिवाय होतच नाही हे आपण धरून चाललोय, शाळेबाहेरची मुक्त पथकं असतात हे सोयीस्कर विसरून.

उघड हिशोबाला शेवटचा विरोध असा येतो की गावासमोर पैशाचं बोललं की राजकारण शिरते, या गटाचा माणूस उठून त्या गटाच्या मास्तरवर आरोप करतो. होते असं, मी पाहिलंय. पण दाबून ठेवलेल्या हिशोबात राजकारण नसते का, ते फक्त कुजबुजत चालते. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहा. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले, अन् मग बांबूचा पैसा गावात यायला लागला, शिबिराच्या फीच्या कितीतरी पट. तिथं निर्णय सर्वसहमतीनं अन् सगळ्यांसमोर होतात. त्यांना भांडणं होत नसतील असं नाही, पण समोर बसून होतात. लाखोंचा हिशोब एक गोंड गाव उघड्यावर करू शकते तर आपण वर्षातून एकदा, पालकसभेत, पंधरा मिनिटं पथकाचा जमा-खर्च वाचायला एवढे का घाबरतो? अन् तो मास्तरनं वाचूच नये, संघनायकानं वाचावा. लेकराला शिव्या द्यायला गावातला कितीही बेरकी माणूस कचरतो.

राहिला ऑनलाइन नोंदणीचा अन् वरच्या कागदांचा प्रश्न. ते काम तालुक्याला एक पगारी माणूस ठेवून करून घ्यावं, मास्तरनं फक्त नावांची सही केलेली एक यादी द्यावी, बस. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न येणारच, अन् तो रास्त आहे. त्यासाठी आधी आम्हाला हे तरी कळू द्या की पोरामागं जी फी गोळा होते तिच्यातला किती हिस्सा शाळेत राहतो, किती जिल्ह्याला, किती राज्याला अन् किती त्याच्याही वर जातो, अन् तिथं त्याचं काय होते. नोंदणीच्या पत्राच्या मागची बाजू दरवर्षी कोरीच असते. तेवढा हिशोब तिथं छापायला कोणाची परवानगी लागते ते सांगा, अर्ज मी करतो.